हिवतापाचा पहारा आणि आशाताईचा अधिकार : जालना जिल्ह्याच्या निमित्ताने एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा रोग ऐन भरात असतो तेव्हा त्याच्या निवारणासाठी मनुष्यबळ, द्रव्य आणि लोकांचे लक्ष एकत्र आणणे फारसे कठीण जात नाही. कठीण जाते ते तो ओसरल्यावर, जेव्हा घरोघर कोणी अंथरुणाला खिळलेले दिसत नाही, दप्तरातील रकाने शून्यांनी भरू लागतात, आणि ज्यांनी पहारा करावयाचा त्यांचीच त्या पहाऱ्याविषयीची खात्री हळूहळू डळमळू लागते. महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण भागात हिवतापाची आज हीच अवस्था आहे. राज्यातील ग्रामीण हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात एकवटलेला आहे. मराठवाड्यातील जालन्यासारख्या जिल्ह्यात तो तुरळक आढळतो, आणि पुष्कळदा दूर मुलखातून परतलेल्या किंवा पोटासाठी इकडे आलेल्या माणसाच्या रक्तातून प्रकट होतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे २०२७ पर्यंत देशातील स्थानिक संसर्ग थांबवावयाचा असून २०३० पर्यंत हिवतापाचे संपूर्ण निर्मूलन साधावयाचे आहे. हे उद्दिष्ट गाठण्याची व गाठल्यावर ते टिकवण्याची भिस्त शेवटी गावातील आरोग्य कार्यकर्तीवर, म्हणजे आजच्या व्यवस्थेतील आशाताईवर येऊन पडते.

म्हणून विचारावयाचा प्रश्न असा की, तिच्याकडे केवळ रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेण्याचे काम ठेवावयाचे, की तापाच्या प्रत्येक रोग्याची प्राथमिक जबाबदारी, त्या जबाबदारीस लागणारे औषध, शिक्षण, अधिकार आणि मोबदला यांसह, तिच्या हाती सोपवावयाची? प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या पक्षाचे आहे. परंतु हा पक्ष स्वीकारताना मागील सत्तर वर्षांच्या अनुभवातून जे काही शिकावयास मिळते ते विसरून चालणार नाही. कारण कार्यकर्त्याच्या कामाचा विस्तार हा विचार नवा नाही, आणि तो अर्धवट अमलात आणल्याचे परिणामही नवे नाहीत.

२. जिल्ह्याची घडण आणि हिवतापाच्या वाटा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा हे त्याचे आठ तालुके. दक्षिणेच्या हद्दीवरून गोदावरी वाहते, मध्यभागातून दुधना, आणि जालना शहरातून कुंडलिका. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख, आणि तिचे पाचांतले चार भाग खेड्यांत राहणारे. जिल्हा अवर्षणप्रवण; २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यातील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना झाली. दुष्काळाच्या मुलखात हिवताप कसा, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे उत्तर असे की डासाला विपुल पाणी लागत नाही, स्थिर पाणी लागते. आणि पाण्याची टंचाई हीच माणसाला पाणी साठवून ठेवण्यास भाग पाडते.

ग्रामीण भारतात हिवताप पसरवणाऱ्या डासांत ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस ही जात प्रमुख. ती स्वच्छ व संथ पाण्यात, नदीपात्रातल्या डबक्यांत, कालव्याच्या पाझरात वाढते. ॲनोफिलिस स्टीफेन्सी ही दुसरी जात टाक्या, हौद व विहिरी पसंत करते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांतील शेतीचे रूप पालटले. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास आणि शेततळी यांच्या आधारे द्राक्षबागा उभ्या केल्या, आणि ते गाव अवघ्या राज्याला उदाहरण म्हणून दाखवले जाऊ लागले. ही समृद्धी शेतकऱ्यांनी कष्टाने मिळवलेली आहे, आणि आरोग्याच्या नावाखाली तिच्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. मात्र जिथे वर्षभर पाणी साठू लागते तिथे त्या पाण्याकडे पाहणारा डोळाही हवा, शेततळ्यात गप्पी मासे सोडण्याची तजवीज हवी, आणि कालव्याकाठच्या वस्तीत ताप आला तर त्याची वर्दी त्याच दिवशी पोहोचावयास हवी. नळाला बऱ्याच दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या गावांत टाकी, रांजण आणि बॅरल ही प्रत्येक घराची अपरिहार्य मालमत्ता असते. त्यांत डेंग्यूचा डासही वाढतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

दुसरी वाट माणसांच्या स्थलांतराची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतील गावे, वाड्या आणि तांडे यांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर कोपी उभारून सहा महिने काढतात. आणि उन्हाळ्यात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, परततात. याच्या उलट दिशेने, जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत उत्तरेकडील व पूर्वेकडील राज्यांतून मजूर येतात, आणि त्यांपैकी काही राज्ये हिवतापाची जुनी माहेरघरे आहेत. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहू शकतो. म्हणून फडावर चावलेल्या डासाचा ताप पुढच्या पावसाळ्यात गावी उद्भवणे शक्य असते. गावाच्या लोकसंख्येवर आधारलेली आपली आरोग्ययंत्रणा माणूस जिथे नोंदला आहे तिथे त्याला शोधते. रोग मात्र तो जिथे जाईल तिथे त्याच्यासोबत जातो.

३. पूर्वेतिहास : विजय, विसर आणि पुनरागमन

हिवतापाच्या शास्त्रीय इतिहासाचे एक मोठे पान निजामाच्या मुलखातच लिहिले गेले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेच्या छावणीत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला. जालना त्या वेळी त्याच हैदराबाद संस्थानात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. औषध वैद्याच्याच हातून मिळावे हा आग्रहही तेव्हा सर्वत्र नव्हता: बंगालमध्ये १८९२ पासून क्विनीनच्या पुड्या टपाल कार्यालयांतून विकल्या जात होत्या. शिकलेल्या सामान्य माणसाकडे औषध सोपवण्याच्या कल्पनेचे मूळ असे सव्वाशे वर्षांहून अधिक जुने आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हाती आले. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड व उत्तर कानडा या भागांत फवारणीचे मोठे प्रयोग केले, आणि त्यांच्या यशाने १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाची वाट मोकळी केली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्याने दगावत, असा अंदाज होता. १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलन हे ध्येय ठरले, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची नोंद सुमारे एक लाखावर उतरली. जगाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका वेगवान विजय विरळा.

या विजयाच्या उत्तररंगाकडे जालन्यासारख्या जिल्ह्याने बारकाईने पाहावे. १९६३ च्या चढ्ढा समितीने ओसरलेल्या हिवतापावरील देखरेखीसाठी दर दहा हजार वस्तीमागे एक मूलभूत आरोग्य कार्यकर्ता सुचवला. त्याने महिन्यातून एकदा घरोघर जावे, ताप विचारावा, आणि त्याच फेरीत जन्ममृत्यूची नोंद व कुटुंबनियोजनाचे कामही करावे. दोनच वर्षांनी मुखर्जी समितीला आढळले की या एका माणसाकडून ना हिवतापाची देखरेख नीट होत होती, ना कुटुंबनियोजन. म्हणून दोन्ही कामे वेगळी करण्याची शिफारस तिला करावी लागली. काम वाढवले, क्षेत्र तेवढेच अफाट ठेवले, आणि वरून उद्दिष्टांचा तगादा लावला, तर ज्या कामाची आकडेवारी वरिष्ठ मागतात तेवढेच होते आणि बाकीचे कागदावर राहते. डासांना डीडीटी बाधेनासे झाले, पुरवठ्यात खंड पडले, देखरेख सैल झाली. आणि १९७६ साली हिवतापाच्या रोग्यांची नोंद ६४ लाखांवर गेली.

१९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना आली. तिचा एक विशेष असा की गावातील शिक्षक, पोस्टमन, सरपंच किंवा कोणी विश्वासू गृहस्थ यांच्याकडे क्लोरोक्विनच्या गोळ्या ठेवून औषध वितरण केंद्रे, आणि जिथे रक्तही घेता येईल तिथे ताप उपचार केंद्रे उघडण्यात आली. तापाच्या रोग्याला आधी चार गोळ्यांचा संभाव्य उपचार द्यावयाचा, काचपट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावयाची, आणि दोष आढळल्यास मग समूळ उपचार करावयाचा, अशी ती रीत होती. काचपट्टीचा निकाल परत येईपर्यंत पुष्कळदा रोगी बरा झालेला असे, किंवा गाव सोडून गेलेला असे.

४. १९७७ चा आरोग्य रक्षक

त्याच वर्षी, २ ऑक्टोबर रोजी, जनता सरकारने एका हजार वस्तीमागे एक आरोग्य रक्षक नेमण्याची योजना सुरू केली. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच अर्धवेळ कार्यकर्ते निवडण्याचा जो विचार मांडला होता त्याचे हे मूर्त रूप. तीन महिन्यांचे शिक्षण, दरमहा पन्नास रुपये मानधन, एक औषधपेटी आणि एक पुस्तिका एवढ्या सामग्रीवर हा मनुष्य गावात उभा केला गेला. पुढच्या वर्षीच अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला, तेव्हा भारताने या कामी आधीच पाऊल टाकलेले होते.

तरीही ही योजना रुजली नाही. पुढील काळात तिची नावे बदलत गेली, औषधपेटीचा पुरवठा अनियमित झाला, पन्नास रुपये पन्नासच राहिले, आणि २००२ च्या सुमारास केंद्राने आपला आर्थिक हात काढून घेतला. निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते, त्यामुळे बाळंतीण आणि तान्हे मूल यांच्यापर्यंत त्यांचा शिरकाव होत नसे. निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा शब्द चाले. आणि आरोग्य केंद्रातील कर्मचारी त्यांना आपले सहकारी न मानता उपरे मानीत. दोष माणसांचा नव्हता. कामाचा विस्तार कागदावर मोठा आणि त्यामागील आधार क्षीण, अशी विषम रचनाच त्या अपयशाला कारण झाली. आज आशाताईंच्या कामांची यादी वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा पंचवीस वर्षांचा इतिहास आधी वाचावा.

५. महाराष्ट्राने दाखवलेला दुसरा मार्ग

सरकारी योजना खचत असताना याच राज्यात काही स्वतंत्र प्रयोग मात्र दृढमूल होत होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या पुष्कळशा निरक्षर, दलित किंवा परित्यक्ता स्त्रिया होत्या. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर पूर्वी जागा नव्हती त्याच गावाच्या आरोग्याच्या जाणत्या झाल्या. त्यांचे शिक्षण तीन महिन्यांत संपत नसे. दर आठवड्याला त्या जामखेडला एकत्र जमत, गावातले अनुभव सांगत, चुका दुरुस्त करून घेत, आणि पुन्हा गावी परतत. हा अखंड सहवास हेच त्या प्रयोगाचे बळ. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेड हे जगभरच्या आरोग्य कार्यकर्त्यांचे तीर्थस्थान झाले. अलिबाग तालुक्यात मांडवा येथे डॉ. नो. ह. अंतिया यांनीही स्थानिक स्त्रियांच्या क्षमतेचा असाच प्रत्यय घेतला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ संस्थेमार्फत जे केले त्याचे महत्त्व आणखी वेगळ्या जातीचे आहे. कारण त्यांनी हा प्रश्न शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिला. आरोग्यदूत बालकाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकतो आणि तोंडाने घ्यावयाचे प्रतिजैविक देऊन मृत्यू टाळू शकतो, हे त्यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ गावांतील घरोघरच्या नवजात बालसेवेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत साठ टक्क्यांहून अधिक घट दाखवली. या पद्धतीचा स्वीकार करून २०११ मध्ये केंद्राने ती देशभरच्या आशांच्या कामात समाविष्ट केली. आरोग्य कार्यकर्तीच्या हाती अधिक गंभीर उपचार देता येतो की नाही, हा वाद तत्त्वतः महाराष्ट्राच्याच भूमीवर निकालात निघाला आहे; उरला आहे तो अंमलबजावणीचा प्रश्न.

६. आशाताई : काम, मोबदला आणि त्यांतील विसंगती

छत्तीसगडमध्ये २००२ साली मितानिनांचा उपक्रम सुरू झाला, आणि त्याचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून एप्रिल २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशाची कल्पना आली: हजार वस्तीमागे त्याच गावची एक स्त्री, निवड ग्रामसभेची, आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला. महाराष्ट्रात प्रथम आदिवासी आणि मागाहून इतर भागांत त्यांच्या नेमणुका झाल्या. आज राज्यात त्यांची संख्या सुमारे सत्तर हजार आहे, आणि वीसपंचवीस आशांवर एक गटप्रवर्तक देखरेख ठेवते. गरोदर मातेची नोंदणी, प्रसूतीसाठी सोबत, नवजात बालकाच्या गृहभेटी, लसीकरणाची यादी, क्षयरोग्याला औषध, कुष्ठरोगाची शोधमोहीम, डासोत्पत्ती स्थानांचे सर्वेक्षण, पाण्याचा कोरडा दिवस आणि नाना प्रकारच्या नोंदवह्या, असा त्यांच्या कामाचा पसारा आहे. कोविडच्या काळात घरोघर फिरून ताप आणि प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम त्यांनीच केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला.

हिवतापाच्या कामी त्यांना जे साधन मिळाले ते मागच्या पिढीच्या कार्यकर्त्यास मिळाले नव्हते. बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावर सुमारे वीस मिनिटांत निदान देणारे किट आले; परजीवीच्या फॅल्सिपेरम या दुसऱ्या जातीसाठी तीन दिवसांच्या संयुक्त उपचाराची, वयोगटानुसार रंग ठरवलेली पाकिटे आली, लहानग्यांना पिवळे, मोठ्यांना पांढरे; व्हायवॅक्ससाठी तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन असा क्रम ठरला. परीक्षा झाल्यावाचून औषध द्यावयाचे नाही, हा नियम झाला. रोगी, निदान आणि उपचार ही तिन्ही प्रथमच एका उंबरठ्यावर एकत्र आली.

परंतु मोबदल्याची रचना पाहू. रक्तनमुना घेतल्यास किंवा किटने तपासणी केल्यास पंधरा रुपये, आणि दूषित रोग्याचा उपचार पूर्ण करून घेतल्यास पंचाहत्तर रुपये, असा दर ठरवण्यात आला होता. गडचिरोलीच्या एखाद्या गावात या रकमेला काही अर्थ असेल. जालना जिल्ह्यात, जिथे दूषित रोगी क्वचित सापडतो, तिथे उपचाराच्या मोबदल्याचा योग आशाताईच्या वाट्याला वर्षानुवर्षे येत नाही. याचा अर्थ असा होतो की रोग जितका अधिक तितकी प्राप्ती अधिक, आणि पहारा जितका यशस्वी तितका पहारेकऱ्याचा मोबदला कमी. निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात सर्वांत मोलाचे काम म्हणजे शंभर तापांत हिवताप नाही याची शंभर वेळा खातरजमा करणे, आणि याच कामाची किंमत आपण सर्वांत कमी ठेवली आहे. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक यांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस संप केले, आझाद मैदानावर धरणे धरले. २०२४ साली राज्य शासनाने आशांच्या मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण कामागणिक मोजणीची मूळ रचना तिने बदललेली नाही.

७. विस्तार कशाचा आणि कशासाठी

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ओसरत्या हिवतापाच्या प्रदेशात, केवळ हिवतापाची तपासणी करणारी व्यक्ती लोकांना निरुपयोगी वाटू लागते, आणि यात लोकांचा दोष नाही. मंठा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर आईने तापलेले मूल आशाताईकडे आणले, किटवर हिवताप निघाला नाही, आणि आशाताईजवळ पुढे देण्याजोगे काही नसले, तर त्या आईचा प्रश्न होता तिथेच राहतो. पुढच्या खेपेस ती मूल घेऊन थेट तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते, इंजेक्शन आणि सलाईन यांसाठी कर्ज काढते, आणि ज्या दिवशी त्या मुलाला खरोखरच हिवताप होतो त्या दिवशी आशाताईला त्याचा पत्ताही लागत नाही. म्यानमारच्या खेड्यांतील अनुभव या बाबतीत बोलका आहे: हिवताप घटू लागला तेव्हा नुसती हिवतापाची तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकांकडे येणाऱ्यांची संख्या रोडावली, ज्यांना अतिसार, श्वसनविकार इत्यादींवरील साध्या उपचारांचे शिक्षण व औषध दिले त्यांच्याकडे लोक येत राहिले, आणि म्हणून तापाची तपासणीही होत राहिली. इतर रोगांवरील सेवा हे हिवतापावरील पहाऱ्याचे ओझे नसून त्याचा आधार आहे, असा याचा निष्कर्ष.

आपल्या देशातील उदाहरणेही दुर्लक्षिता येण्याजोगी नाहीत. ओडिशाने ‘दमन’ मोहिमेत दुर्गम गावांतील प्रत्येक माणसाची, त्याला ताप असो वा नसो, आशांच्या साहाय्याने तपासणी करविली. तिथे २०१६ मध्ये चार लाखांहून अधिक असलेली रोग्यांची नोंद २०१९ मध्ये चाळीस हजारांच्या आत आली. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १२३३ गावांत खास नेमलेल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक तापाचा माग काढला, आणि हिवताप नव्वद टक्क्यांच्या आसपास घटला. देशाबाहेर, चीनने एका दिवसात वर्दी, तीन दिवसांत चौकशी आणि सात दिवसांत त्या वस्तीतील बंदोबस्त हा नियम कसोशीने पाळला, आणि २०२१ मध्ये हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. श्रीलंकेने ते २०१६ मध्येच मिळवले होते. या सर्वांत समान सूत्र एकच: गावातला तापाचा पहिला साक्षीदार सावध, सज्ज आणि विश्वासास पात्र असणे.

जालना जिल्ह्याला अनुलक्षून हा विस्तार पाच कलमांत मांडता येईल. पहिले, ताप हा एकच विषय मानून त्याचे संपूर्ण शिक्षण: हिवतापाची तपासणी, मुलाचा श्वास मोजणे, डेंग्यूची धोक्याची लक्षणे ओळखणे, दोन आठवड्यांहून लांबलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी, आणि कोणत्या क्षणी रोग्याला विनाविलंब पुढे पाठवावयाचे याचा निश्चित नियम. दुसरे, व्हायवॅक्सच्या चौदा दिवसांच्या गोळ्या रोज समक्ष घेतल्या जातील अशी सोय; कारण ताप तीन दिवसांत उतरतो, उरलेल्या गोळ्या माणूस कोनाड्यात ठेवून देतो, आणि यकृतातला परजीवी पुन्हा डोके वर काढतो. तिसरे, स्थलांतराची नोंदवही: टोळी निघताना कोण कुठे गेले आणि परतल्यावर कोणाला ताप येऊन गेला याची नोंद, फडाच्या गावच्या आशाताईशी संधान, आणि पावसाळ्यापूर्वी परतलेल्यांची तपासणी. चौथे, पाण्याची निगराणी, जिच्यात शेततळी, कालव्याचे पाझर आणि घरातले हौद यांची पाहणी येईल, आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या वार्षिक दहा हजार रुपयांच्या निधीतून किरकोळ खर्च करण्यात तिचा शब्द मानला जाईल. पाचवे, कारखान्यांच्या वसाहती आणि वीटभट्ट्या यांतील परप्रांतीय मजुरांपर्यंत पोहोचण्याची स्पष्ट जबाबदारी व तिचा वेगळा मोबदला. कारण गावाच्या यादीत ही माणसे नसतात.

८. आक्षेपांचा परामर्श

वैद्यकीय व्यवसायातून पहिला आक्षेप असा घेतला जातो की अल्पशिक्षित व्यक्तीच्या हाती औषध देणे धोक्याचे आहे. हा आक्षेप निराधार नाही. जन्मतः जी-६-पीडी या विकराची उणीव असलेल्या माणसात प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटतात. गरोदर स्त्रीस आणि एक वर्षाच्या आतील बालकास ते द्यावयाचे नसते. पण यावर उपाय औषध अडवून धरण्याचा नसून नियम शिकवण्याचा आहे: लघवी काळपट झाली तर गोळी तत्काळ थांबवावी आणि रोग्यास आरोग्य केंद्रात न्यावे, हे आशाताई समजू शकते, आणि चौदा दिवस रोज तिची भेट होत असेल तर ते वेळीच तिच्या ध्यानातही येईल. उलट गोळ्यांचे पाकीट हाती देऊन रोग्यास वाटेला लावणे, ही आजची सर्रास रीतच अधिक धोक्याची आहे. प्रतिजैविकांच्या दुरुपयोगाची भीतीही याच जातीची. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांनी श्वास मोजून, नियम पाळून, तिचे उत्तर केव्हाच दिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आशाताईच्या शिरावर आधीच इतके काम आहे की आणखी टाकणे अन्यायाचे ठरेल. हा आक्षेप संपूर्ण मान्य केला पाहिजे. विस्तार याचा अर्थ जुन्या यादीस नवी यादी जोडणे असा होत असेल तर तो नाकारलाच पाहिजे. मुखर्जी समितीने १९६५ मध्ये जे पाहिले तेच पुन्हा पाहण्यात शहाणपण नाही. एकाच घरी एकाच महिन्यात वेगवेगळ्या मोहिमांसाठी होणाऱ्या फेऱ्या आणि एकच माहिती अनेक वह्यांत उतरवण्याची सक्ती यांना कात्री लावली, तर रोग्याजवळ बसावयास वेळ मिळेल. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर १९७६ चे आहे: पहारा सैल झाल्यावर परतलेला हिवताप राखलेल्या पहाऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

९. निर्णय आणि विनंती

सारांश, हिवताप ओसरलेल्या जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्तीचे कार्यक्षेत्र वाढवणे ही निर्मूलनाची पूर्वअट आहे. पण हा विस्तार चार गोष्टींवाचून करू नये. कामागणिक मोजणीच्या जागी कायम, सन्माननीय मासिक वेतन, ज्यात तपासलेल्या प्रत्येक तापाची किंमत असेल, केवळ सापडलेल्या दूषित रोग्याची नव्हे. किट आणि औषध यांचा उपकेंद्रापर्यंत अखंड पुरवठा. जामखेडच्या धर्तीवर नियमित, जिव्हाळ्याचे आणि कधीही न संपणारे शिक्षण. आणि तिने पाठवलेल्या रोग्यास आरोग्य केंद्रात मानाने, तत्परतेने दाखल करून घेण्याचा दंडक. यांपैकी एकही गोष्ट अप्राप्य नाही, आणि त्यांतल्या काही गोष्टी कुठे ना कुठे, कधी ना कधी, याच राज्यात करून दाखवलेल्या आहेत.

जालना जिल्हा परिषदेने, जिल्हा हिवताप कार्यालयाने आणि आठही तालुक्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी यंदाच्या ऊसतोडीच्या हंगामापासून स्थलांतराच्या नोंदवहीने आरंभ करावा. तेवढ्यासाठी नव्या कायद्याची किंवा दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी आपल्या टोळ्यांतील माणसांची नावे देण्यात कुचराई करू नये. आणि गावकऱ्यांना विनंती अशी की, घरात ताप आला तर पहिला निरोप आशाताईला धाडावा, आणि तिच्या हक्कांचा प्रश्न ग्रामसभेत आला तर तो केवळ तिचा मानू नये.